गवताच्या झोपडीतली लॅब

समजा, तुमचं वय सव्वीस-सत्तावीस आहे. जगातल्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगशाळेत तुम्हाला जागा मिळालीय. बॉस तुमच्यावर खूश आहे. एका मोठ्या शोधावर त्याच्या नावाशेजारी तुमचं नाव छापून आलंय. पुढची तीस वर्षं कशी जाणार हे आत्ताच स्पष्ट दिसतंय: पेपर, प्रमोशन, प्राध्यापकी, मानसन्मान. अशा वेळी तुम्ही राजीनामा देऊन बोटीवरचे डॉक्टर म्हणून समुद्रावर निघून जाल?

घरच्यांना काय वाटेल ते सोडाच, तुमचे मित्रसुद्धा वेड्यात काढतील. १८९० साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका तरुणाने नेमकं हेच केलं. त्याचं नाव अलेक्झांडर येर्सिन. आणि गंमत बघा, तो त्या सुरक्षित खुर्चीला चिकटून राहिला असता, तर प्लेगच्या जंतूला आज वेगळंच नाव असतं.

प्लेग म्हटलं की तुम्हाला कदाचित पणजोबांच्या काळातल्या गोष्टी आठवतील. घरात उंदीर पडायला लागले की माणसं गाव रिकामं करायची, रानात खोपटी घालून राहायची, काखेत नाहीतर जांघेत गाठ आली की घरचे हबकायचे. ती गाठ कशाने येते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. येर्सिनने ते शोधलं. पण त्याच्याही हाती अर्धंच उत्तर लागलं. उरलेलं अर्धं उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि ते दडलं होतं एका सूक्ष्म कात्रीत. ती कात्री कुठली, ते पुढे येईलच. आधी या माणसाला भेटू या.

माळ्यावरचा मायक्रोस्कोप

येर्सिनचा जन्म २२ सप्टेंबर १८६३चा, स्वित्झर्लंडमधल्या ओबोन गावचा. वडील बंदुकीच्या दारूच्या कारखान्यावर अधिकारी होते आणि फावल्या वेळात किडे-कीटकांचा अभ्यास करायचे. मुलगा जन्मायच्या काही दिवस आधीच ते गेले. आईने मॉर्ज या गावात मुलींसाठी शाळा चालवून घर सांभाळलं. वडिलांना कधीच न पाहिलेल्या या पोराला एकदा माळ्यावर त्यांचा मायक्रोस्कोप आणि चिरफाडीची हत्यारं सापडली. वारसा म्हणून त्याला मिळालं ते हे!

पुढे लोझान, मारबुर्ग असं करत तो डॉक्टरकी शिकायला पॅरिसला पोहोचला. १८८६मध्ये रेबीजने दगावलेल्या एका माणसाचं शवविच्छेदन करताना त्याचं बोट कापलं. त्या काळी हा जवळजवळ मृत्यूचा परवानाच. पण पाश्चरची रेबीजवरची लस नुकतीच, म्हणजे आदल्याच वर्षी आली होती. पाश्चरचा उजवा हात असलेल्या एमिल रू याने येर्सिनला ती टोचली. तो वाचला आणि रूच्या लॅबमध्येच कामाला लागला.

दोघांनी मिळून घटसर्पावर, म्हणजे डिप्थेरियावर काम केलं. या आजारात एक कोडं होतं. जंतू सापडायचे फक्त घशात, पण रोग्याचं हृदय बंद पडायचं, नसा लुळ्या पडायच्या. जंतू तिथवर पोहोचलेलाच नसताना हे होत कसं असेल? १८८८मध्ये दोघांनी घटसर्पाचे जंतू वाढवलेलं द्रावण इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की त्यात एकही जंतू उरला नाही. ते निव्वळ पाणी प्राण्यांना टोचलं, तरी प्राणी मेले.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मारणारा जंतू नाही, जंतूने सोडलेला पदार्थ आहे. शत्रू एका जागी बसून राहतो आणि त्याचं हत्यार अंगभर फिरतं. घटसर्पाचं ते हत्यार म्हणजे एक प्रथिन आहे, आणि ते विकराचं म्हणजे एन्झाइमचं काम करतं, हे खूप नंतर कळलं. पण जंतू वेगळा आणि त्याचं हत्यार वेगळं, ही कल्पना पक्की करणाऱ्या पहिल्या लोकांत आपला हा तरुण होता. हा मुद्दा जपून ठेवा. पुढे लागणार आहे.

नोकरी सोडली, समुद्र धरला

इतकं यश मिळूनही येर्सिनचा जीव लॅबमध्ये रमेना. गर्दी, समारंभ, ओळखीपाळखी या गोष्टी त्याला नकोशा वाटायच्या. त्याला नकाशावरच्या कोऱ्या जागा बघायच्या होत्या. १८९०मध्ये तो एका फ्रेंच बोट कंपनीत डॉक्टर म्हणून लागला आणि आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्याला पोहोचला. तेव्हा तो मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात होता. साइगॉनहून मनिला, साइगॉनहून हायफाँग अशा फेऱ्या सुरू झाल्या. बोटीवरून त्याला न्हा त्रांग नावाचं एक मच्छीमारांचं गाव दिसायचं. समोर समुद्र, मागे डोंगर. त्या डोंगरांपलीकडे काय आहे, हे त्याला सांगू शकेल असं कुणी भेटेना.

मग तो स्वतःच निघाला. जंगलातून, पायी, घोड्यावर, हत्तीवर. नकाशे काढले, फोटो काढले, डोंगरातल्या आदिवासींच्या नोंदी केल्या. १८९३मध्ये तो लांग बियांगच्या पठारावर पोहोचला. थंड हवेचं दालात शहर पुढे तिथेच वसलं. या सगळ्याची खबर तो आईला पत्रांतून कळवत असे. आई गेल्यावर तीच पत्रं बहिणीच्या नावाने जाऊ लागली. त्याच्या आयुष्याबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं या पत्रांमुळेच.

पॅरिसमधल्या सहकाऱ्यांना मात्र वाटत होतं की हा हुशार पोरगा वाया गेला. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेलच.

हाँगकाँगची ती जूनमधली पहाट

मे १८९४मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेग भडकला. चीनच्या युनान प्रांतातून तो कँटनमार्गे बंदरापर्यंत आला होता. बंदर म्हणजे बोटी, आणि बोटी म्हणजे सगळं जग. फ्रेंच सरकारने जवळच असलेल्या येर्सिनला तिकडे पाठवलं. १५ जूनला तो उतरला तेव्हा त्याच्याजवळ एक मायक्रोस्कोप, एक छोटं निर्जंतुकीकरण यंत्र आणि थोडंफार सामान एवढंच होतं.

त्याच्या तीनच दिवस आधी जपानहून एक मोठा चमू येऊन दाखल झाला होता. त्याचे प्रमुख होते किटासातो शिबासाबुरो. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखच्या हाताखाली तयार झालेले, धनुर्वाताचा जंतू वेगळा करून नाव कमावलेले. हाँगकाँग ब्रिटिशांचं. तिथल्या ब्रिटिश डॉक्टरांनी किटासातोंना हॉस्पिटलमध्ये जागा दिली, मृतदेह दिले, मदतनीस दिले. येर्सिनला यातलं काहीच मिळालं नाही. मृतदेहांना हात लावायचीसुद्धा परवानगी नव्हती.

तुम्ही काय केलं असतं? तक्रारीचा अर्ज लिहून परत गेला असता?

येर्सिनने हॉस्पिटलच्या आवारात बांबू आणि गवताची एक झोपडी उभी केली. तीच त्याचं घर आणि तीच लॅब. एका इटालियन धर्मगुरूने त्याला मदत केली. मृतदेह पुरायला नेण्याचं काम ज्या ब्रिटिश खलाशांकडे होतं, त्यांच्या हातावर त्याने काही पैसे ठेवले. मग पुरण्याआधी काही मिनिटं त्याला तळघरात सोडण्यात आलं. त्याने शवपेटीतला चुना बाजूला केला, जांघेतली गाठ कापून घेतली आणि झोपडीकडे धाव घेतली.

तो दिवस होता २० जून १८९४. मायक्रोस्कोपखाली गाठीतला लगदा ठेवला आणि समोर नुसती गर्दी दिसली. आखूड, टोकांना गोलसर अशा दांडीच्या आकाराचे एकाच जातीचे असंख्य जंतू. ते ग्राम पद्धतीच्या रंगाने रंगत नाहीत, म्हणजे ग्राम-निगेटिव्ह आहेत, हेही त्याने लगेच टिपून ठेवलं. तो लगदा त्याने उंदरांना आणि गिनीपिगना टोचला. ते मेले आणि त्यांच्या अंगात तेच जंतू निघाले. गल्लीबोळांत मरून पडलेले उंदीर त्याने तपासले. त्यांच्यातही तेच! माणसाचा प्लेग आणि उंदरांचा प्लेग हा एकच आजार आहे, हे त्याने तिथेच सांगून टाकलं.

किटासातोंनीही याच दिवसांत जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं, तेही येर्सिनच्या काही दिवस आधी. पण त्यांच्या वर्णनात गोंधळ होता. रंग घेतो की नाही, हालतो की नाही, यावर त्यांची माहिती नीट जुळत नव्हती. त्यांच्या नमुन्यांत दुसरे जंतू मिसळले असावेत, असं पुढे अनेक अभ्यासकांचं मत पडलं. श्रेय कुणाचं यावर बरीच वर्षं वाद चालला.

आणि इथेच एक भारी योगायोग आहे. किटासातोंकडे इन्क्युबेटर होता, माणसाच्या शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना लावलेला. येर्सिनकडे इन्क्युबेटरच नव्हता. त्याची जंतूंची वाढ झोपडीतल्या हवेच्या तापमानावरच झाली. प्लेगचा जंतू सर्वांत छान वाढतो तो २८ अंशांच्या आसपास! जूनमधल्या हाँगकाँगची हवा साधारण तेवढीच. साधनं नसणं हेच त्याचं साधन ठरलं.

मुंबईत हात टेकले

दोनच वर्षांनी हा आजार आपल्या दारात आला. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. लाखो लोक शहर सोडून पळाले. फेब्रुवारी १८९७मध्ये इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा आणला. करोनाच्या काळात ज्याचं नाव तुम्ही ऐकलंत, तोच हा १८९७चा कायदा.

पाश्चर इन्स्टिट्यूटमधून आलेले वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

येर्सिनची वाट वेगळी होती. पॅरिसमधल्या सहकाऱ्यांबरोबर त्याने प्लेगवरचं सीरम तयार केलं होतं. घोड्याला जंतू टोचायचे, घोड्याच्या रक्तात प्रतिकारद्रव्यं तयार झाली की ती काढून रोग्याला द्यायची. लस निरोग्याला आधी द्यायची, सीरम आजाऱ्याला नंतर. १८९६मध्ये चीनमध्ये या सीरमने चांगला हात दिला होता. ते घेऊन येर्सिन मार्च १८९७मध्ये मुंबईत उतरला.

त्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या. त्यातच त्यांना लागण झाली. जूनमध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमावरून रँडवर गोळी झाडली गेली. शाळेच्या पुस्तकात या गोष्टी आपण वेगवेगळ्या धड्यांत वाचतो. पण हे सगळं एकाच जंतूभोवती, एकाच वर्षात घडत होतं, आणि तो जंतू ज्याने शोधला तो माणूस तेव्हा इथून शंभर मैलांवर होता.

ही गोष्ट सिनेमाची असती तर आता सीरमने चमत्कार केला असता. तसं झालं नाही. मुंबईत सीरमचा अनुभव निराशाजनक आला. सीरम थोडं, रोगी अफाट. त्यातून रोगी हाती यायचे तेव्हा आजार फार पुढे गेलेला असायचा. येर्सिन काही महिन्यांत न्हा त्रांगला परतला. त्याच्या जागी आलेल्या पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत दाखवून दिलं की उंदराकडून प्लेग नेणारी असते ती पिसू.

जंतू सापडला, उंदीर सापडला, पिसूही सापडली. तरी एक प्रश्न उरलाच. पिसू चावते पायाला. गाठ येते जांघेत. आणि दोन-चार दिवसांत जंतू रक्तात. कातडीखाली सोडलेले मूठभर जंतू एवढ्या झपाट्याने आत शिरतात कसे? घटसर्पात जंतूपेक्षा हत्यार महत्त्वाचं हे ज्याने दाखवलं, त्याला प्लेगचं हत्यार मात्र दिसलं नाही. दिसणार तरी कसं? ते बघायची साधनंच तेव्हा नव्हती.

घरातल्याच कोयत्याने घरचं कुंपण

आता जरा तुमच्या बायोलॉजीकडे येऊ या. घाबरू नका, सोपं आहे.

कुठे जखम झाली, जंतू शिरला, की शरीर तिथे फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणतं. रक्त थांबतंच, शिवाय जंतूही जाळ्यात अडकून पडतात. मग पांढऱ्या पेशी येऊन त्यांचा समाचार घेतात. काम झालं की हे जाळं काढावंही लागतं, नाहीतर रक्तवाहिन्या तुंबतील. त्यासाठी रक्तात एक कात्री कायम फिरत असते, पण बंद अवस्थेत. तिचं नाव प्लाझ्मिनोजेन. शरीराचीच काही विकरं या प्लाझ्मिनोजेनला एका ठरावीक जागी कापतात. तो एक काप बसला की त्याचं प्लाझ्मिन होतं, म्हणजे कात्री उघडते आणि फायब्रिनचे धागे तोडू लागते. ती बेलगाम होऊ नये म्हणून तिला आवरणारं आणखी एक प्रथिनही रक्तात असतं. कुलूप, किल्ली, ब्रेक, सगळी चोख व्यवस्था.

प्लेगच्या जंतूने याच व्यवस्थेची डुप्लिकेट किल्ली बनवली आहे. तिचं नाव प्ला. हे प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे प्रोटीएज. ते शरीराच्या प्लाझ्मिनोजेनला नेमक्या त्याच जागी कापतं, जिथे आपली विकरं कापतात. कात्री उघडते, जाळं तुटतं आणि अडकलेले जंतू मोकळे होतात. एवढ्यावर भागत नाही. कात्रीला आवरणारं जे प्रथिन, त्याचेही प्ला तुकडे करतं. म्हणजे गाडी चालू करायची आणि ब्रेकची वायरही कापायची! चोराने स्वतःचं हत्यार न आणता आपल्याच घरातला कोयता काढून आपलंच कुंपण तोडावं, तसला हा प्रकार.

हे विकर दिसतं कसं? क्ष-किरणांच्या मदतीने त्याची रचना २०१०मध्ये उलगडली. २९२ अमिनो आम्लांची ही साखळी जंतूच्या बाहेरच्या पडद्यात रुतलेली असते. आकार पिंपासारखा. लाकडी पिंपाच्या उभ्या फळ्या असतात ना, तशा दहा पट्ट्या शेजारी शेजारी लागून गोल झालेल्या. पिंपाचं वरचं तोंड पडद्याच्या बाहेर डोकावतं. कापायची जागा तिथेच, एका खाचेत. त्या खाचेत ॲस्पार्टिक आम्ल आणि हिस्टिडीन हे घटक पाण्याचा एक रेणू पकडून बसलेले असतात. तो रेणूच प्रथिनाच्या बंधावर घाव घालतो. खाचेवर ऋण विद्युतभार असल्यामुळे धनभार असलेले आर्जिनिन आणि लायसिन तिकडे ओढले जातात. म्हणून प्ला कापतं ते बहुधा या दोघांच्या पुढेच. आपल्या आतड्यातल्या साध्या ई. कोलाय जंतूकडेही याच घराण्यातलं एक विकर आहे.

यात आणखी एक खुबी आहे. पुष्कळ ग्राम-निगेटिव्ह जंतूंच्या अंगावर साखरेच्या लांब लांब साखळ्यांचं आवरण असतं. प्लेगच्या जंतूने उत्क्रांतीत ते गमावलं आहे. लांब गवत असलं की त्यातली छोटी वस्तू झाकली जाते. गवत कापलं की ती मोकळी होते. आवरण गेल्यामुळे प्लाचं तोंड उघडं राहिलं आणि त्याला काम करता येऊ लागलं.

पण या एका विकराने खरंच एवढा फरक पडतो का? हे १९९२मध्ये तपासण्यात आलं. प्लाचं जनुक काढून टाकलेले जंतू उंदरांच्या कातडीखाली टोचले. आता उंदीर मरायला सुमारे दहा लाखपट जास्त जंतू लागू लागले. दहा लाखपट! मग तेच जंतू थेट शिरेत टोचले. तिथे मात्र काहीच फरक पडला नाही, उंदीर पूर्वीसारखेच मेले. या दुसऱ्या निकालात खरी मेख आहे. रक्तात आयता पोहोचलेल्या जंतूला या कात्रीची गरज नाही. ती लागते कातडीतून रक्तापर्यंतचा रस्ता कापायला. म्हणजे पिसू चावल्यानंतरच्या त्या पहिल्या काही तासांसाठी.

२००७मध्ये फुप्फुसाच्या प्लेगबद्दलही असंच काही दिसलं. प्ला नसलेला जंतू फुप्फुसातून रक्तात शिरू शकत होता, पण फुप्फुसात त्याची ती भयंकर वाढ होईना. आणि २०१५मध्ये कळलं की या साखळीतलं २५९व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदलल्यामुळे प्लेगचा जंतू शरीरात खोलवर पसरण्यात आणखी तरबेज झाला.

प्लेगच्या भात्यात असं दुसरंही एक विकर आहे, योपटी. जंतू ते सुईसारख्या नळीतून थेट आपल्या पांढऱ्या पेशीत टोचतो. पेशीचा सांगाडा हलवणारी काही प्रथिनं पेशीच्या पडद्याला एका शेपटीने बांधलेली असतात. योपटी ती शेपटीच कापतं. सांगाडा कोलमडतो आणि पेशीला जंतू गिळताच येत नाही. ही नळी आणि तिचं सामान जंतू बाहेर काढतो ते ३७ अंशांना, म्हणजे आपल्या शरीरात आल्यावर. पिसूच्या पोटात त्याला त्याची गरजच नसते. तापमान हीच त्याच्यासाठी खूण.

आता हाँगकाँगची झोपडी पुन्हा आठवा. येर्सिनने २८ अंशांवर जो जंतू पाहिला, तो हत्यारं म्यान केलेला, निवांत वाढणारा जंतू होता. त्यामुळेच तो त्याला इतका स्वच्छ सापडला. आणि मुंबईत त्याला ज्याने हरवलं, तो हत्यारं उपसलेला होता.

पाच पट्ट्यांचा माणूस

मुंबईच्या अपयशानंतर येर्सिन खचला का? तसं काही दिसत नाही. त्याने न्हा त्रांगमध्ये कायमचा मुक्काम ठोकला. मच्छीमारांच्या वस्तीत घर, शेजारी लॅब. गुराढोरांच्या रोगांवर काम, सीरम बनवणं, गरिबांवर फुकट उपचार. लॅब चालवायला पैसे हवेत म्हणून त्याने ब्राझीलच्या रबराची झाडं लावली. तो चीक मिशलँ या टायरच्या कंपनीने विकत घेतला. हिवतापावर औषध हवं म्हणून होन बा डोंगरावर सिंकोनाची लागवड केली, कारण क्विनाइन त्याच्या सालीतून निघतं. १९०२मध्ये हानोईचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याचा पहिला प्रमुखही तोच. पण दोन वर्षांत तो परत आपल्या समुद्राकाठी आला.

छंद तर विचारू नका. मोटारी, फोटोग्राफी, खगोलशास्त्र, हवामान. वादळ येणार असं दिसलं की कोळ्यांना आधी सावध करायचा. लग्न केलं नाही. गावातली पोरं घरात येऊन त्याची पुस्तकं चाळत बसायची. गणवेशावर पाच पट्ट्या होत्या म्हणून लोक त्याला ओंग नाम म्हणायचे. नाम म्हणजे पाच.

१ मार्च १९४३ रोजी तो न्हा त्रांगमध्येच गेला. बाहेर दुसरं महायुद्ध पेटलं होतं. पुढच्याच वर्षी जंतूंच्या एका नव्या गटाला त्याचं नाव सुचवण्यात आलं आणि प्लेगचा जंतू यथावकाश येर्सिनिया पेस्टिस झाला. फ्रेंच गेले, युद्धं झाली, व्हिएतनाम स्वतंत्र झाला. फ्रेंच साहेबांच्या नावांचे बहुतेक रस्ते बदलले गेले. येर्सिनच्या नावाचे रस्ते राहिले. सुओई दाउच्या त्याच्या समाधीवर आजही लोक उदबत्ती लावतात. परक्या सत्तेबरोबर आलेल्या माणसासाठी याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

आणि बीड

हा सगळा इतिहास झाला असं वाटत असेल तर थोडं थांबा. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात घाबरून लोकांनी घरं सोडली. रिकाम्या घरांत धान्य होतं, उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवा वाढल्या आणि मागोमाग गाठीचा ताप आला. सप्टेंबरमध्ये सुरतेत घबराट उडाली. हाँगकाँगच्या झोपडीला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती.

फरक एवढाच की आता वेळेत अँटिबायोटिक दिलं तर प्लेगचा रोगी बरा होतो. जंतू ओळखायच्या चाचण्यांत आज अनेकदा शोधलं जातं ते प्लाचंच जनुक. युरोपातल्या जुन्या दफनभूमींतल्या दातांतूनही ते सापडलं आणि चौदाव्या शतकातल्या मोठ्या साथीमागे हाच जंतू होता हे कळलं. ही कात्री अडवणारे रेणू मिळतील का, यावर काम चालू आहे. औषधांना न जुमानणारे जंतू वाढत असताना, जंतूला मारण्याऐवजी त्याचं हत्यार बोथट करणं ही कल्पना पुन्हा मोलाची वाटते आहे. १८८८मध्ये गाळणीतून गाळलेल्या त्या निव्वळ पाण्याशी तिचं नातं आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

येर्सिनला अर्धंच उत्तर मिळालं. उरलेलं शोधणारे बहुतेक जण त्याच्या मृत्यूच्या वेळी जन्मलेही नव्हते. तुमच्यापैकी कुणी मायक्रोबायोलॉजीला असाल, बायोटेकला असाल, तर पुढचं पान तुमच्याही हाती येऊ शकतं. तोवर एकच करा. पुढच्या प्रॅक्टिकलला इन्क्युबेटर सवयीने ३७ वर लावाल, तेव्हा क्षणभर थांबा. जंतू तुम्हाला काय दाखवतो आणि काय लपवतो, हे त्या आकड्यावरही ठरत असतं.